मचूळ विहीर आणखी खोल करावी का?

प्रश्न : राहायला पुण्यात, कोथरूडला, नारळ-सुपारीची वाडी गुहागरला, समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. शेजारी बोअर मारल्यापासून उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं. विहीर खोल करू का?

उत्तर : अजिबात नको. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ठोकताळा असा की विहिरीतल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर खाली साधारण 40 मीटर गोडं पाणी. उपशाने पातळी अर्धा मीटर उतरली, तरी खारं पाणी 20 मीटर वर सरकू पाहतं. जांभा-कातळाच्या भेगांत हा हिशेब तंतोतंत बसत नाही, पण दिशा तीच. खोल खणाल तर खाऱ्याच्याच जवळ जाल.

खारं पाणी शिरण्याचा धोका मोजायला 'गॅल्डिट' ही गुण देण्याची पद्धत आहे. पातळीची उंची आणि किनाऱ्यापासूनचं अंतर यांना त्यात सर्वाधिक, 4-4 भार. जलधराच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थराच्या, पाणी वाहू देण्याच्या क्षमतेला 3, त्याच्या जाडीला 2, जलधराचा प्रकार आणि सध्याचा खारेपणा यांना 1-1. प्रत्येक बाबीला गुण 2.5 ते 10. भार धरून काढलेली सरासरी 7.5 किंवा वर गेली की धोका जास्त. अंतर काही तुम्ही बदलू शकत नाही, पातळी सांभाळता येते.

मे महिन्यात काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडा. काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्व्हेअरकडून काढून घ्या, तिच्यातून टेपचं माप वजा केलं की पातळी मिळते. मोबाईलवरची उंची धरू नका, ती काही मीटर सहज चुकते आणि इथे भांडण अर्ध्या मीटरचं आहे. पाणी तपासताना क्लोराइड आणि बायकार्बोनेट दोन्ही मागा. समजा क्लोराइड लिटरला 355 मिलिग्रॅम, बायकार्बोनेट 244, पहिल्याला 35.5 ने, दुसऱ्याला 61 ने भागा. 10 आणि 4, म्हणजे गुणोत्तर अडीच. 2 च्या वर गेलं की समुद्राचा शिरकाव पक्का धरून चाला.

तोवर पंप एका दमात न चालवता थोडा थोडा, थांबून चालवा आणि पागोळ्यांचं पाणी गाळून विहिरीत सोडा. शेजाऱ्यांशीही बोलावं लागेल, कारण दोघांचं पाणी एकच आहे. नारळ खारेपणा बराच सोसतो, सुपारी तेवढा नाही. गोडं पाणी आधी तिला.

प्रश्न : इंदापूरला आमचीही विहीर खारट झाली. समुद्रच का?

उत्तर : नाही. इंदापूर समुद्रसपाटीपासून 500 मीटरच्या आसपास उंच आहे. उसाला वारेमाप पाटपाणी आणि निचरा न होणारी काळी जमीन, हे कारण आधी तपासा. चर काढा, माती परीक्षणाआधी जिप्सम टाकू नका.