कोल्हापूरच्या उपनगरात बोअरचं पाणी आणि सेप्टिक टँक असलेलं घर घ्यावं का?

घ्या की, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, कळंबा ह्या सगळ्या बाजूला कितीतरी कुटुंबं अशीच राहतायत, आम्ही पण त्यातलेच. पण तुम्ही लिहिलंय की दोन गुंठ्यातलं घर आहे, ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक आहे, बोअरला पाणी भरपूर आहे असं मालक म्हणतोय, अजून काय बघू? तर माझं सगळ्यात आधी सांगणं हे की घर बघून झालं की गल्ली बघा. अशा कॉलनीत तुमच्या बोअरला तुमच्या टाकीपेक्षा शेजाऱ्याच्या टाकीचा धोका जास्त असतोय आणि घर घेताना तिकडं कोणी बघतच नाही.

हिशोब साधा आहे. सेप्टिक टँकसाठी आयएस २४७० म्हणून भारतीय मानक आहे, त्यात शोषखड्डा, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब पाहिजे असं दिलंय, म्हणजे जवळजवळ ६० फूट. आता दोन गुंठे म्हणजे २१७८ स्क्वेअर फूट, समजा ४० बाय ५४ चा प्लॉट. ह्या कोपऱ्यातून त्या तिरक्या कोपऱ्यात मोजलं तरी जेमतेम ६७ फूट भरतंय. म्हणजे बोअर पुढच्या कोपऱ्यात आणि खड्डा मागच्या विरुद्ध कोपऱ्यात असेल तरच जमतंय, आणि तेवढं जमवलं तरी मागच्या प्लॉटवाल्याचा खड्डा तुमच्या कंपाउंडला चिकटून असला तर काय उपयोग? म्हणून गच्चीवर जावा, चारी बाजूंनी बघा, कोणाचा व्हेंट पाइप कुठं उभा आहे, कोणाच्या टाकीची झाकणं कुठं आहेत, आणि ती घरं तुमच्यापेक्षा चढाला आहेत का उताराला. चढाच्या बाजूला ओळीनं टाक्या आणि खाली तुमचा बोअर असेल तर ते पाणी पिण्याचं धरूच नका, वापरायचं म्हणूनच हिशोबात घ्या.

आणि आपल्याकडची जमीन पण समजून घ्या. वर थोडी माती, खाली मुरूम आणि मग काळा दगड. सेप्टिक टँक पाणी शुद्ध करत नाही, घट्ट मैला खाली बसतो आणि वरचं पाणी पुढं जातंय, त्यात जंतू तसेच असतात. खरी गाळणी माती करते. माळावर माती वीतभर, त्यामुळं ते पाणी मुरमातून थेट दगडाच्या भेगांत उतरतंय, आणि बोअरला पाणी लागतंय ते पण त्याच भेगांतून! सखल भागात काळ्या मातीत उलटं होतंय, पावसाळ्यात खड्डा पाणी पीतच नाही, मग टाकी तुंबते नाहीतर वर येते.

मालक अभिमानानं सांगणार, टाकी इतक्या वर्षात एकदा पण उपसली नाही बघा. हे ऐकलं की जास्त चौकशी करा. वापरात असलेली टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागतेच, कधीच भरत नसेल तर एकतर खाली तळाला काँक्रीट नाही, नाहीतर आउटलेट सरळ गटारीत सोडलंय. आपल्याकडं हे लई चालतंय आणि ते सगळं शेवटी नाल्यातनं पंचगंगेला जाऊन मिळतंय.

आमच्या वहिनीच्या भावासाठी घर बघायला गेलो होतो तेव्हा मी टाकीचं झाकण काढायला लावलंच, एजंट कुरकुरत होता पण काढलं त्यानं. झाकण काढून थोडा वेळ लांब थांबायचं, वाकून तोंड घालायचं नाही, काडी-लायटर तर अजिबात नाही, आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. मग एक लांब बांबू घेऊन त्याच्या खालच्या निम्म्या भागाला पांढरं जुनं धोतर गुंडाळलं, सुतळीनं बांधलं, तळापर्यंत हळूच सोडला, दोन-तीन मिनिटं धरला आणि सरळ वर काढला. कापडावर खालून काळा कुट्ट चिखल कुठपर्यंत आलाय ते स्पष्ट दिसतंय, त्याच्या वर नुसतं मळकं ओलं. चिखल पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत आला असेल तर उपसायची वेळ झाली. तिथं तर निम्म्याच्या वर होता. आणि आतलं पाणी आउटलेट पाइपच्या वर चढलेलं, म्हणजे शोषखड्डा पूर्ण बुजलेला. मालकाला तेच दाखवलं, नवीन खड्ड्याचा खर्च किमतीतनं वजा करून घेतला. उपसायला सक्शनची गाडीच बोलवायची बरं का, माणूस आत उतरवायचा नाही, २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे आणि कायदा राहूदे बाजूला, माणसं मरतात त्यात, बातम्या येतच असतात. आणखी एक, गाडी टाकीपर्यंत पोचतेय का बघा, काही ठिकाणी टाकीवर पार्किंगची फरशी घालून झाकणच गायब केलेलं असतंय.

आता बोअर. "दोन इंच पाणी आहे" ह्यावर जाऊ नका. मोटर सलग तास-दीड तास चालवायला लावा आणि २०० लिटरचं बॅरल सुरुवातीला किती मिनिटांत भरतंय आणि शेवटी किती मिनिटांत भरतंय ते मोबाइलवर लावून बघा. पावसाळ्यात सगळेच बोअर भरलेले असतात, तुम्ही तेव्हा बघत असाल तर शेजारच्या दोन-तीन घरात जाऊन विचारा, एप्रिल-मे मध्ये टँकर मागवता का? बायकांना विचारा, त्या खरं सांगतात, पाणी भरणं त्यांच्यावर असतंय. बोअर मारल्याचं बिल असेल तर मागा, खोली आणि केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घालतात तो पाइप) किती फूट टाकलंय ते त्यात असतंय. केसिंग घट्ट दगडापर्यंत गेलेलं पाहिजे, नाहीतर वरच्या मुरमाचं घाण पाणी आत झिरपतंय. केसिंगचं तोंड जमिनीपासून फूटभर वर, टोपण लावलेलं, भोवती सिमेंटचा कट्टा. ग्रामपंचायतीचं नळाचं पाणी येतंय का, किती दिवसाआड, ते पण विचारा, पिण्यापुरतं ते आलं तरी निम्मी काळजी मिटली.

पाणी तपासल्याशिवाय व्यवहार करू नका, ह्यावर मी भांडेन. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिल्ह्याची सरकारी प्रयोगशाळा किंवा मान्यता असलेली खासगी लॅब, कुठंही चालेल. सँपलची बाटली जंतू तपासायला लॅबमधूनच निर्जंतुक केलेली घ्या, पाणी गच्चीवरच्या टाकीचं नको, मोटर थोडा वेळ चालवून थेट बोअरच्या पाइपचं, आणि त्याच दिवशी पोचवा. रिपोर्टात आधी ई-कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, बघा, १०० मिलीलिटरमध्ये शून्य पाहिजे, एक पण चालत नाही. मग नायट्रेट, लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. आपल्याकडं चारी बाजूला ऊस आणि उसाला युरिया, वरनं शोषखड्डे, त्यामुळं हे बघायलाच पाहिजे, घरात बाटलीनं दूध पिणारं तान्हं बाळ असेल तर जास्तच. आणि हे उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतंय, त्याला आरओच लागतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, पण नुसता टीडीएसचा पेन बुडवून "पाणी गोड आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, त्या पेनला जंतू कळत नाहीत. उन्हाळ्यात रिपोर्ट चांगला आला तरी जुलैमध्ये परत करा, घाण उतरते ती पहिल्या मोठ्या पावसात. २०१२ ला इचलकरंजीत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून काविळीची केवढी साथ आली होती, माणसं गेली त्यात, आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट आहे.

गावाचं पाणी कसं आहे ते ग्रामपंचायतीत पण कळतंय, पाणी स्रोतांची पाहणी होऊन पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतंय, ते कुठलं आहे विचारा. जलसुरक्षक (पंचायतीचा पाण्याचं बघणारा माणूस) भेटला तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नियमित टाकतात का ते पण विचारून घ्या.

घर चिखली, आंबेवाडी, वडणगे असल्या नदीच्या बाजूचं असेल तर मात्र माझं मत वेगळं. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजाऱ्यांच्या भिंतीवर बघा. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट ही धोका पातळी, त्या दोन्ही वर्षी पंचगंगा पन्नाशीच्या वर गेली होती. अशा पाण्यात टाकी आणि बोअर दोन्ही बुडतात, मैला संडासातनं उलटा घरात येतोय. तिथं मी तरी घेणार नाही.

कागदात एवढंच, बोअर किंवा विहीर सामाईक असेल तर तुमचा हिस्सा, पाणी घ्यायचा वार आणि मोटरचं लाइट बिल कोणाचं, हे खरेदीखतात लिहून घ्या. तोंडी "पाणी घ्या की, आपलंच आहे" हे मालक बदलला की संपतंय.

विसार देण्याआधी रिपोर्ट हातात घ्या. आला की ई-कोलाय, नायट्रेट आणि हार्डनेस (पाण्याचा जडपणा) हे तीन आकडे इथं टाका, घर कुठल्या बाजूला आहे ते पण लिहा, बघून सांगतो.