अंगठी मोडू नका, माप बदलून घ्या

प्रश्न : ताई, माझं लग्न २०२४ ला झालं. माझी साखरपुड्याची अंगठी १८ कॅरेटची आहे, वर एक छोटा हिरा. बाळ आता दोन महिन्यांचं आहे आणि अंगठी बोटाच्या सांध्यावरून खाली उतरतच नाही. ह्यांचं उलट, वजन कमी झाल्यामुळे त्यांची साधी २२ कॅरेटची अंगठी बोटात गरगर फिरते, सध्या दोरा गुंडाळून घालतात. सासूबाई म्हणतात दोन्ही मोडा आणि नवीन करा. साइज बदलली तर सोनं कमी होतं का? हॉलमार्क जातो का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : मोडायला अजिबात जाऊ नका. मोडली की जुनी घडणावळ बुडाली, नवीनला परत घडणावळ आणि वर ३ टक्के जीएसटी, शिवाय साखरपुड्यात सगळ्यांसमोर बोटात घातलेली अंगठी गेली ती गेलीच. सासूबाईंना हा हिशेब मांडून दाखवा, पटेल त्यांना.

ह्यांची अंगठी लगेच करायला टाका. कारागीर मागच्या बाजूने पट्टी कापतो, थोडा तुकडा काढतो, टोकं जुळवून झाळून जोडतो आणि पॉलिश करून देतो. आपल्याकडच्या मापात एक नंबर म्हणजे घेरात साधारण एक मिलिमीटर, म्हणजे चार ग्रॅमची अंगठी दोन नंबरने लहान केली तर सव्वाशे ते दीडशे मिलीग्रॅम सोनं निघतं आणि ते तुमचं असतं, मागून घ्या किंवा मजुरीत वळतं करा पण सोडू नका. मग ठाण्यात गोखले रोडला जा, जांभळी नाक्याला जा नाहीतर वाशीला, अंगठी हातातून देण्याआधी तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला लावा आणि वजन मिलीग्रॅमसकट पावतीवर लिहून घ्या. परत घेताना पुन्हा काट्यावर. घासण्या-पॉलिशमध्ये किंचित घट येते ती मान्य, पण ती किती धरणार हे आधीच विचारा, यात लाजायचं काही नाही.

हॉलमार्कचं म्हणाल तर अंगठी आतून भिंगाने बघा, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, शुद्धता (तुमच्या अंगठीवर ७५०, ह्यांच्या ९१६) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसेल. हे सगळं सोनाराला दाखवून ठेवा आणि काप तिथून घेऊ नका म्हणून स्पष्ट सांगा. एचयूआयडीचा फोटो काढून ठेवा, बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो.

तुमच्या अंगठीची मात्र घाई नको. बाळंतपणानंतर सूज उतरते, वजनही हळूहळू खाली येतं, आज मोठी केलीत तर पुढे परत लहान करायला जावं लागेल आणि एकाच जागी सारखं कापणं-झाळणं पट्टीला चांगलं नाही. तीन-चार महिने कपाटात राहू दे, जोर लावून तर मुळीच घालू नका. तोपर्यंत सूज कमी न होता वाढली किंवा बोटं बधिर वाटली तर डॉक्टरांना दाखवा. नंतरही घट्टच वाटली तर मोठी करा. साधी अंगठी गजावर ताणून एखादा नंबर वाढवतात, पट्टी थोडी पातळ होते इतकंच, पण हिऱ्याची अंगठी ताणली तर खडा सैल होऊ शकतो म्हणून मागे तुकडा घालूनच वाढवून घ्या, तुकडा १८ कॅरेटचाच हवा, रंगही जुळला पाहिजे.

माप सकाळी देऊ नका, सकाळच्या गारव्यात बोट बारीक असतं, संध्याकाळी द्या आणि ते सांध्यावरून जातंय ना ते बघा. अंगठी परत आली की कानाजवळ धरून हलकी टिचकी मारा, खुळखुळ आली तर हिरा सैल आहे, तिथल्या तिथे बसवून घ्या आणि मगच पैसे द्या.