वकिली आणि पत्रकारिता एकत्र शिकायला सिडनीला यावं का?

देवगडहून तू विचारलंस की बारावी झाली, सिडनीत कायदा आणि माध्यमांची जोडपदवी करायची आहे, बाबा आंब्याच्या बागेवर कर्ज काढायला तयार आहेत, तर येऊ का? मी मालवणची. हेच शिकले आणि आता बातमी प्रसिद्ध होण्याआधी ती कायद्याच्या नजरेने तपासायचं काम करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ठरव, वकिली कुठे करायची? माध्यमांचं शिक्षण कुठेही उपयोगी पडतं, कायद्याचं तसं नाही. इथल्या एलएलबीचे ११ सक्तीचे विषय इथल्याच कायद्यांवर बेतलेले आहेत. पाच वर्षं झाली तरी प्रॅक्टिकल लीगल ट्रेनिंग, म्हणजे वकिलीचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, केल्याशिवाय वकील म्हणून नोंदणी होत नाही. भारतात परतून सनद घ्यायची, तर ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाला मान्य असावी लागते. वर त्यांची पात्रता परीक्षा, आणि मग सगळ्यांना असते ती बारची परीक्षा.

अभ्यास मात्र फार सुंदर आहे. २००२ चा गटनिक खटला घे. लेख अमेरिकेतल्या प्रकाशनाचा, पण तो ज्याच्याबद्दल होता त्या मेलबर्नच्या उद्योजकाला, गटनिकला, मेलबर्नमध्येच दावा लावता आला, कारण लेख जिथे वाचला जातो तिथे बदनामी होते, असं इथल्या हायकोर्टाने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हटलं. २०२१ च्या व्होलर निकालात वृत्तसंस्थांच्या फेसबुक पानांवरच्या वाचकांच्या कॉमेंटचे प्रकाशक त्या संस्थाच ठरल्या. असा निकाल वाचताना वकिलाचं डोकं लागतं आणि संपादकाचंही. आपल्याला हे परकं नाही. रत्नागिरीत जन्मलेले टिळक एलएलबी होते, 'केसरी' चालवत होते, आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली.

आता पैसे. परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला साधारण ४० ते ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे पाच वर्षांची नुसती फीच कोटी रुपयांच्या वर जाते. व्हिसासाठी फी आणि प्रवासाशिवाय वर्षाच्या राहण्याखाण्याचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. कॉलेज चालू असताना पंधरवड्यात ४८ तासच काम करता येतं. त्यातून भाडं, जेवण भागेल, फी नाही. बाबांना माझं नाव घेऊन सांग, सातबाऱ्यावर एवढा बोजा चढवू नका. एक मोहोर करपला तर हप्ता कुठून भरणार?

तुला कोर्टातच उभं राहायचं असेल, तर पाच वर्षांची एलएलबी महाराष्ट्रातच कर. रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत, घराजवळ मोठं काम आहे. नंतर इथे एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, ये, खर्च पुष्कळ कमी होईल. इथेच राहून माध्यमांत काम करायचं असेल, तरच जोडपदवीचा विचार कर, तोही शिष्यवृत्ती मिळाली तर.

कायद्याचे वर्ग इथे बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतात, घाई नाही. तोवर गटनिक आणि व्होलर हे दोन्ही निकाल इंटरनेटवरून काढून पूर्ण वाच. फुकट मिळतात. कंटाळा आला की रस वाटला, ते मला कळव.