सूर्यासारखा हुबेहूब दुसरा तारा आहे का? असल्यास डोळ्यांनी दिसतो का?

हो, सुमारे ४६ प्रकाशवर्षांवरचा १८ स्कॉर्पी हा तारा सूर्याचा जुळा भाऊ म्हणावा इतका सारखा आहे. प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) ५.५, त्यामुळे खऱ्या काळोखात नुसत्या डोळ्यांनी कसाबसा दिसतो. शहरातून दुर्बीण लागतेच. १९९७ साली वर्णपटाच्या विश्लेषणातून हे साम्य पुढे आलं: वर्णपटावरून ठरणारा वर्ग तोच (जी२), तापमान जेमतेम ५० केल्विनने जास्त, वस्तुमान दोन-चार टक्क्यांनी अधिक. पण हुबेहूब म्हणता येणार नाही. त्याच्या वातावरणात लिथियम सूर्याच्या सुमारे तिप्पट आहे. अभिसरणाने, म्हणजे वर-खाली होणाऱ्या वायूच्या प्रवाहांबरोबर, खाली गेलेलं लिथियम आतल्या उष्णतेत जळतं, म्हणजे वयाबरोबर घटत जातं. १८ स्कॉर्पी सूर्याहून तरुण आहे, म्हणून त्यात ते जास्त उरलंय. लिथियमच्या बाबतीत कालेय तारकासमूहातला हिप ५६९४८ हा तारा सूर्याशी जास्त जुळतो, पण तो बराच दूर आणि अंधूक.

१८ स्कॉर्पी शोधताना अनुराधा-ज्येष्ठेच्या आसपास बघू नका, तिथेच बहुतेक जण चुकतात. हा वृश्चिकेच्या उत्तर टोकाला, भुजंगधारी तारकासमूहाला खेटून आहे. भुजंगधारीतला एप्सिलॉन हा तारा १०×५० दुर्बिणीत उत्तर कडेला ठेवा. तिथून दक्षिणेला पावणेचार अंशांवर तो येतो.