शेडवर चढलं की पाय लटपटतात, हे काम मला जमेल का?

बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या (लोखंडी शेड उभारण्याच्या) कामाला नवीन लागलाय, पावसाआधी शेडचे सिमेंट पत्रे बदलायची कामं आहेत, वर गेलं की पाय लटपटतात, चक्कर येऊन पडेन असं वाटतं. सवयीनं हे जाईल का, असं तुम्ही विचारलंय. बऱ्यापैकी जाईल. पण तुम्ही भिताय उंचीला, आणि या कामात माणूस जातो तो बहुतेक पायाखालचा पत्रा फुटून. म्हणून आधी पत्र्याचं.

जुना सिमेंट पत्रा माणसाचं वजन घेतो असं धरायचंच नाही. तो आधी वाकत नाही, एकदम फुटतो. खानापूरकडच्या पावसात त्यावर शेवाळ धरतं, ते वाळलं तरी पाय घसरतो. उजेडासाठी मधे घातलेले प्लास्टिकचे पत्रे धुळीनं बाकीच्यांसारखेच दिसायला लागतात, आणि ते तर आणखी कच्चे. चढण्याआधी शेडच्या आतून बघा, ते कितव्या ओळीत आहेत ते कागदावर लिहून घ्या. "बोल्टाच्या ओळीवरून चाल, खाली पर्लिन आहे" (म्हणजे पत्रे ज्यावर टेकतात ती आडवी लोखंडी पट्टी) हे तुम्हाला सगळे सांगतील. पर्लिन असते हे खरं, पण पाऊल चार बोटं सरकलं की तुम्ही नुसत्या पत्र्यावर. किमान तीन पर्लिनवर टेकेल अशी दहा फुटी जाड फळी घ्या, आणि दोन घ्या: एकीवर उभं राहायचं, दुसरी पुढं सरकवायची. एकच फळी असली की माणूस ती उचलायला पत्र्यावर उतरतोच. मालक खालून चाकाची परांची लावू देत असेल तर बोल्ट आतून कापून पत्रा काढणं सगळ्यात बरं. पत्रा ओला करून अख्खा उतरवा, ग्राइंडर लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक.

आता बेल्ट. कमरेचा नुसता पट्टा नको. पडल्यावर सगळा झटका पोटाला आणि मणक्याला बसतो. मांड्या-खांद्यांचा पूर्ण हार्नेस हवा, पाठीवरची डी-रिंग (दोरी अडकवायची कडी) खांद्यांच्या पात्यांच्या मधे यावी. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. दोरी 1.8 मीटरची असते. हुक पायाशी अडकवला तर ती ताणेपर्यंतच माणूस तीन मीटरच्या वर खाली गेलेला असतो, आणि दोरीवरचा शॉक ॲब्सॉर्बर (झटका शोषणारी घडी) उघडताना आणखी 1.75 मीटरपर्यंत जातो. अठरा फुटी शेडमध्ये एवढ्यात जमीन आलीच म्हणायची. म्हणून आढ्यावर ट्रसला (छपराच्या लोखंडी कैचीला) दोन्हीकडून बांधलेली लाईफलाईन, म्हणजे हुक अडकवायची पक्की दोरी, हवी आणि दोरी जमेल तेवढी आखूड. पत्र्याच्या जे-बोल्टला हुक लावणारे दिसतात; तो बोल्ट पत्रा धरायला केलेला आहे. एकदा झटका खाल्लेला ॲब्सॉर्बर परत वापरायचा नाही. लटकलेल्याला खाली कसं घ्यायचं हे चढायच्या आधी ठरवा, कारण पाय लोंबकळत बराच वेळ राहिला तर तो शुद्ध हरपतो. हेल्पर कन्नड बोलणारा असेल तर "निल्लु" (थांब), "बिडु" (सोड) यावर आधीच एकमत करून घ्या. वरून "थांब" म्हटल्यावर त्यानं दोरी सोडायला नको.

मग राहिली भीती. उभं राहताना आपण नकळत थोडं हलत असतो आणि डोळे जवळच्या स्थिर वस्तू बघून ते सावरतात. वर गेल्यावर जवळ काहीच उरत नाही, म्हणून शरीर जास्त डुलतं. उपाय साधा: हाताच्या अंतरावरचा बोल्ट, पाईप काहीतरी बघत राहायचं, एका हातानं काही पक्कं धरायचं, वर ढगांकडे मान टाकायची नाही. गुडघे ताठ करू नका, श्वास सोडताना लांब सोडा. घाबरल्यावर बीपी चढतं, उतरत नाही, त्यामुळे नुसत्या भीतीनं बेशुद्ध पडणं क्वचितच होतं.

सवय शिडीवर लावा, छपरावर नाही. चार फूट उंच टेकवलेल्या शिडीचा पाय भिंतीपासून एक फूट लांब, हाच हिशेब पुढंही. आठ फुटांवर धडधड कमी होईपर्यंत थांबा, मग उतरा. धडधड जोरात असताना उतरलात तर भीती तिथंच पक्की बसते. आठवडाभरात बारा, मग सोळा फूट. घाई करणारा मेस्त्री असेल तर तेवढे दिवस खालचं कटिंग मागून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

मे महिन्यात सकाळी सातला सुरू करून जेवणाआधी उतरलेलं बरं. वळवाच्या आधी वारा सुटतो आणि हातातला पत्रा माणसाला ओढून नेतो. सर्दीची गोळी घेतली असेल, किंवा रात्रीची दारू उतरली नसेल, त्या दिवशी वर जायचं नाही.

आणि एक तपासा. अंथरुणात कूस बदलताना किंवा जमिनीवर उभं असतानाही घर फिरल्यासारखं होतं का? होत असेल तर ती उंचीची भीती नाही, बहुधा कानाचं दुखणं आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून ते बरं होईपर्यंत शिडीला हात लावू नका.