एका दिवसाला एकच

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि सकाळी चष्मा लावून पुन्हा वाचला. येळवशीच्या, आपल्या वेळ अमावास्येच्या, सुट्टीचं वेळापत्रकच पाठवलंयस. शुक्रवारी पहाटे औशाजवळ सासरच्या रानात, पूजा-जेवण आटोपलं की दुपारी दोनला निघून निलंग्याकडं माहेरच्या रानात. शनिवारी नळदुर्गचा किल्ला, येताना तुळजापूर. रविवारी नणंदेच्या लेकराचं जावळ आणि रात्री जावईबापूंना पुण्याच्या गाडीत बसवणं. आणि खाली लिहितेस, ‘बाई, एवढं करूनही मागच्या वर्षीसारखंच होणार. फोटो बघताना वाटतं, मी तिथं नव्हतेच. लेकरं भराभर मोठी होतायत आणि हाती काही लागत नाही. काय चुकतंय?’

काय चुकतंय ते तूच वर लिहून ठेवलंयस. लहान लेकरं बरोबर असताना एका दिवसाला एकच. एकच ठिकाण, एकच काम, बाकी दिवस मोकळा. मला एवढंच सांगायचंय, आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण तुला एकदा सांगून कळत नाही हे मला तू चौथीत असल्यापासून माहीत आहे.

येळवशीची स्थानिक सुट्टी जिल्हाधिकारी देतात, पण ती बँकांना लागू नसते. म्हणजे बँकेतली तू स्वतःची रजा टाकून हा दिवस घेणार. वर्षाच्या रजेतला एक दिवस, तोही दुपारी दोनला मोडून दोन रानांत वाटून द्यायचा? धाकटी तीन वर्षांची आहे. रानात पोचल्यावर पहिला तासभर ती तुझा पदर सोडणार नाही. मग हळूहळू पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीत शिरेल, कडबा ओढून बघेल, चुन्यानं रंगवलेल्या पांडवांच्या दगडांना बोट लावेल, आजोबा ‘ओलगे ओलगे’ करत आंबील शिंपडायला निघाले की त्यांच्या मागं पळेल. तुरीच्या ओळीत बसून शेंगा सोलायला लागेल. नेमकी तेव्हा तू घड्याळ बघणार आणि म्हणणार, चला, उठा, दुसऱ्या आजीकडं जायचंय. ती रडणार, तू चिडणार, थोरला गाडीत तोंड फिरवून बसणार. निलंग्याला पोचेपर्यंत ऊन कललेलं असणार आणि तिथला तासभर पुन्हा पदर धरण्यात जाणार. दोन रानं केलीस, पण लेकरू एकाही रानात रमलं नाही, आणि तूही नाही. फोटोत तू नसतेस ती म्हणूनच.

तू लिहितेस, ‘त्यांना आठवणीत राहील असं काहीतरी करायचंय.’ हे मनातून काढून टाक. तीन वर्षांच्या वयातलं मोठेपणी जवळजवळ काहीच आठवत नाही, तुला आठवतं का? धाकटीला ही येळवस आठवणार नाही. आठवायची आहे ती तुला. ती मोठी झाल्यावर ‘मी लहानपणी कशी होते’ म्हणून तुलाच विचारणार आहे. तेव्हा तुझ्याकडं सांगायला काहीतरी पाहिजे, आणि ते फोटोत सापडत नाही. फोटोत फक्त हसरी तोंडं असतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझा थोरला हैदराबादला असतो. त्याचा मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा एकदा त्यानं फोनवर विचारलं, ‘आई, मी एवढा असताना रानात काय करायचो गं?’ माझ्याकडं सांगायला काहीच नव्हतं. त्याच्या लहानपणीच्या येळवशी मला आठवत नाहीत. मला पातेली आठवतात. आदल्या रात्री आम्ही जावा झोपत नव्हतो. भज्जीसाठी हरभरा, तूर, वाटाणा सोलायचा, मेथी-चुका निवडायचा, बेसन कालवायचं, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटे. पहाटे डोक्यावर आंबिलाची बिंदगी आणि टोपली घेऊन रानात, आणि दिवसभर पंगतीमागून पंगती वाढणं. वाटेनं जाणाऱ्यालाही बोलावून जेवू घालायचा हा सण, त्याचं मला कौतुकच आहे. पण माझं लेकरू त्या रानात कुठं होतं, काय करत होतं, हे मला कधी बघायलाच मिळालं नाही. ते दुसऱ्या कुणीतरी बघितलं असेल.

धाकटा झाल्यावर मी सासूबाईंना सांगितलं, मी भज्जी आणि आंबील करीन, त्यापुढं काही नाही, आणि एकदा जेवले की उठणार नाही. घरात काय झालं असेल याची कल्पना कर. शाळेत शिकवते म्हणून हिला शिंगं फुटली, असं जावा म्हणाल्या. सासूबाई संक्रांतीपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलत होत्या. पण त्या दिवशी मी बांधावर बसून धाकट्याला मातीत पाणी ओतताना बघत होते. लोट्यानं पाणी आणायचं, आमच्या काळ्या मातीच्या भेगेत ओतायचं, ते कुठं गेलं म्हणून वाकून बघायचं, पुन्हा लोटा घेऊन यायचं. दुपारभर हेच. अजून मला त्याचं वाकणं दिसतं. उंडे कमी पडले म्हणून त्या दिवशी कुणी उपाशी राहिलं नाही. मी हट्टी आहे असं अजून म्हणतात. म्हणू देत. तो हट्ट केला नसता तर दोन्ही लेकरांची पाटी माझ्याकडं कोरी राहिली असती.

एका दिवसाला एकच हे मला खरं कळलं ते शाळेच्या सहलींतून. एसटी ठरवून मुलांना न्यायचो. एका दिवसात दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा, पाणचक्की. परतल्यावर ‘आमची सहल’ लिहायला सांगितलं की वह्यांत काय? एसटीत कोण ओकलं, ड्रायव्हर कसा रागावला, पाणचक्कीच्या हौदात मासे किती होते. वेरूळला ३४ लेणी, त्यातली आम्ही पळत पळत जमतील तेवढी दाखवलेली, आणि बहुतेक वह्यांत लेण्यांवर एक ओळ. एका मुलीनं मात्र पान भरून लिहिलं होतं कैलास लेण्याच्या अंगणातल्या सोंड तुटलेल्या हत्तीबद्दल. पायात काहीतरी रुतलं म्हणून ती तिथंच बसून राहिली होती, बाकीचे पुढं गेले होते.

मग मी माझ्या लेकरांना वेरूळला नेलं ते फक्त सोळा नंबरच्या लेण्यासाठी. बाकीची तेहतीस बघितली नाहीत. सोबतचे पाहुणे म्हणाले, एवढ्या लांबून आलो आणि एकच लेणं? हो, एकच. देवळाचं जोतं पाठीवर तोलून धरणाऱ्या हत्तींची रांग असते ना, तिच्या कडेनं धाकटा प्रत्येक हत्तीला हात लावत फिरला. कैलास आधी कळस आणि मग पाया असा वरून खाली कोरत आणलाय, हे थोरल्याला तिथं बसून समजावता आलं, कारण पुढं कुठं जायचं नव्हतं. त्यानं विचारलं, मग चुकून जास्त फुटलं तर? त्यावर आमचं किती वेळ बोलणं चाललं होतं. उरलेली लेणी तो पुढं कॉलेजच्या मित्रांबरोबर बघून आला. लेणी कुठं जात नाहीत. लेकराचं चार वर्षांचं असणं जातं.

म्हणून शनिवारचं नळदुर्ग-तुळजापूर मोड. कुलदैवताला मुहूर्त लागत नाही, एखाद्या साध्या दिवशी फक्त तुळजापूरला जा. पायऱ्या लेकरांच्या पावलांनी उतरा, दर्शन घ्या आणि घरी या. नळदुर्गला आत्ता जाऊन तुला पाणीमहाल दिसेल, पण थोरल्याला जे बघायचंय ते नर-मादी धबधबे मार्गशीर्षात कुठून दिसणार? त्याला बोरी नदीला पाणी यावं लागतं. पाऊस चांगला झाला तर भाद्रपदात ने, आणि त्या दिवशी तेवढंच कर. शनिवार रिकामा ठेव. रिकाम्या शनिवारी काय करायचं हे मला विचारू नकोस. सकाळी उठल्यावर लेकरंच सांगतील. बाप पुण्याहून दोन-तीन दिवसांसाठी आलेला असताना त्याला घरात लोळू दे आणि त्यांना त्याच्या अंगावर चढू दे.

मे महिन्याचंही आत्ताच सांगून ठेवते, कारण तेव्हा तू पुन्हा हेच रडगाणं घेऊन येशील. आपल्याकडं उन्हाळ्याची सुट्टी लग्नं खाऊन टाकतात. चाळीस-बेचाळीस डिग्रीत लेकरांना जरीचे कपडे घालून एका मांडवातून दुसऱ्या मांडवात न्यायचं, का, तर मान राखायचा म्हणून. मी सख्ख्या मावसदिराच्या हळदीला गेले नव्हते, फक्त अक्षता टाकायला गेले. ते त्यांनी वर्षानुवर्षं बोलून दाखवलं. त्या हळदीच्या दिवशी मी लेकरांना घेऊन माहेरी आंब्याखाली बसले होते. पाड लागलेला आंबा पडायची वाट बघत होतो. मला त्याचं आजही काही वाईट वाटत नाही. त्यांना वाटलं त्याबद्दल मात्र वाटतं, आणि हा हिशोब तुलाही कधीतरी करावा लागेल. सगळ्यांचा मान राखून लेकरांबरोबर बसता येतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. कुणीतरी रुसतंच. रुसणारी माणसं मोठी असतात, ती पुन्हा बोलतात.

आता कामाचं. या येळवशीला सासरच्या रानात जा, अख्खा दिवस. संध्याकाळी कडब्याच्या पेंढ्या पेटवून रानाभोवती फिरवतात तोपर्यंत थांब, थोरल्याला ते दाखव, धाकटीला कडेवर घे. माहेरी पुढच्या वर्षी. हे आईला आज रात्रीच फोन करून सांग, आदल्या दिवशी नको, तोवर तिनं तुमच्या नावाच्या पोळ्या मोजलेल्या असतात. ती रडेल. रडू दे, आणि तिला म्हण, रविवारी सकाळी वानवळा घेऊन तूच ये. रविवारचं एकच म्हणजे आईची भेट. जावळाला जावईबापू एकटे जाऊन येतील, मामाला मान आहे, मामीवाचून अडत नाही.

सासूबाईंना भज्जी आणि आंबील तू करतेस म्हणून आधीच सांग, म्हणजे बाकीचं काम त्यांच्यात वाटून होईल. आंबिलाला ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी सकाळीच आंबट ताकात भिजव, रात्री घाई नको.

तुझ्या बाई