क्वार्टरबॅकची ‘सॅक’ मराठीत कशी लिहावी?

प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलमधल्या ‘क्वार्टरबॅक सॅक’ला, म्हणजे चाल चालवणाऱ्या, पास टाकणाऱ्या खेळाडूला पाडण्याला, मराठीत काय म्हणावं, आणि ‘जितक्या सॅक जास्त, तितका बचाव यशस्वी’ हे वाक्य बरोबर आहे का? खरं तर दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. सॅकमुळे बचावाच्या पदरात नेमकं काय पडतं हे कळलं की कोणता शब्द चालेल ते ठरवता येतं.

आधी व्याख्या. चेंडू जिथे ठेवून चाल सुरू होते ती स्क्रिमेजची रेषा. पास टाकायच्या बेतात असलेल्या क्वार्टरबॅकला, चेंडू हातातून सुटण्याआधी, या रेषेवर किंवा तिच्या मागे पाडलं की सॅक झाली. तो रेषेमागूनच मैदानाबाहेर गेला तरी सॅकच. मात्र ठरवून धावण्याची चाल असेल आणि तो मागे पकडला गेला, तर ती सॅक नव्हे. वेळ संपवण्यासाठी त्याने गुडघा टेकला तर तीही नव्हे. चेंडू सुटल्यानंतर त्याला कितीही जोरात आपटलं तरी नव्हे.

आता मराठी शब्द. क्रिकेटच्या सवयीने ‘बाद’ किंवा ‘बळी’ पटकन सुचतो आणि तोच सर्वांत जास्त फसवतो. बाद झालेला फलंदाज तंबूत परततो. सॅक झालेला क्वार्टरबॅक मात्र उठतो, अंगावरची माती झटकतो आणि पुढच्या चालीला पुन्हा उभा राहतो. संपते ती फक्त ती चाल. ‘गारद’लाही हीच अडचण. कुस्तीतलं ‘चीत’ ऐकायला जोरकस आहे, पण त्यासाठी पाठ मातीला लागावी लागते; सॅकला गुडघा टेकला तरी पुरतो.

‘लूट’ मात्र इतिहासाच्या जवळची आहे. ‘सॅक’ हा शब्द रूढ करण्याचं श्रेय लॉस एंजेलिस रॅम्स संघाचा बचावपटू डीकन जोन्सला दिलं जातं, आणि शहर लुटून उद्ध्वस्त करावं ही त्यामागची त्याची कल्पना होती. इंग्रजीत सुरतेच्या लुटीलाही हाच शब्द वापरतात. सॅक म्हणजे पोतं, आणि लुटीचा हा अर्थ पोत्यावरूनच आला, लूट भरायची ती पोत्यात म्हणून. पण मराठी वाचकाला ‘क्वार्टरबॅकची लूट’ म्हटलं की चेंडू हिसकावून घेतला असं वाटेल. ते कधीकधी होतं खरं, पण त्याला वेगळं नाव आहे: स्ट्रिप-सॅक.

माझं मत कबड्डीतल्या ‘पकड’कडे झुकतं. चढाई करणाऱ्याला गाठायचं, रेषेपलीकडे जाऊ द्यायचं नाही, हा भाव तिच्यात नेमका आहे. फरक एवढाच की कबड्डीत पकड बचावपटूंच्या अंगणात होते, आणि इथे बचावपटू समोरच्याच्या पिछाडीत घुसून पकड करतात. म्हणून पहिल्यांदा लिहिताना ‘सॅक, म्हणजे रेषेमागची पकड’ असं सांगावं आणि पुढे बिनधास्त ‘सॅक’ वापरावं.

रेषेमागची, हा तपशील गाळू नये, कारण सॅकची सगळी किंमत त्यातच आहे. चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड काढायचे असतात. दुसऱ्या डाऊनला आठ यार्ड हवे असताना सात यार्डांची सॅक झाली, की तिसऱ्या डाऊनला पंधरा यार्ड उरतात. डाऊनही गेला आणि जमीनही गेली. पास नुसता हुकला असता तर आठच उरले असते. प्रतिस्पर्ध्याच्या 33 यार्डांच्या रेषेवरून मैदानी गोल, म्हणजे लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारणं, साधारण 50 यार्डांचा पडतो; तिथे सात यार्डांची सॅक झाली की तो 57चा होतो, आणि बरेच प्रशिक्षक मग पंट करणं, म्हणजे चेंडू लाथेने लांब समोरच्यांकडे धाडणं, पसंत करतात. स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या आपल्या टोकाच्या पट्ट्यात, सॅक झाली तर बचावाला थेट दोन गुण मिळतात आणि चेंडूही त्यांच्याकडे येतो. 2016च्या फेब्रुवारीत झालेल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने समोरचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटनच्या हातातला चेंडू उडवला, तो एंड झोनमध्ये गेला आणि डेन्व्हरच्याच मलिक जॅक्सनने त्यावर झेप घेतली. बचावफळीनेच टचडाऊन केलं, म्हणजे एरवी आक्रमण मिळवतं ते गुण मिळवले.

तरीही मूळ वाक्य मी तसंच्या तसं मान्य करणार नाही. सॅकची नुसती संख्या फसवी असते. संघ आघाडीवर असला की समोरच्याला पासच टाकावे लागतात, म्हणजे सॅकच्या संधी आपोआप वाढतात. म्हणून एकूण संख्येपेक्षा पासच्या दर प्रयत्नामागे किती, हे पाहावं. शिवाय चेंडू फार वेळ हातात धरणारा क्वार्टरबॅक स्वतःच सॅक ओढवून घेतो. आणि घाईत टाकायला लावलेला पास नोंदीत सॅक म्हणून येत नाही, पण चाल मोडतोच. शिकागो बेअर्सने 1984 मध्ये 72 सॅकचा विक्रम केला आणि 248 गुण दिले. 1985 मध्ये सॅक 64वर आल्या, दिलेले गुण मात्र 198 झाले, आणि त्या हंगामाचा सुपर बोल त्यांनी जिंकला. तेव्हा वाक्य असं करावं: ‘पासच्या दर प्रयत्नामागे सॅकचं प्रमाण जास्त असेल, तर समोरच्याची चाल अधिक वेळा मोडते.’

राहिलं व्याकरण. मराठीत पाठीवरची सॅक स्त्रीलिंगी आहे, पकडही स्त्रीलिंगी. तेव्हा ‘सॅक केली’च बरोबर वाटतं. ‘सॅक घेतली’ टाळावं. ‘विकेट घेतली’च्या चालीवर ते बचावपटूचं यश वाटतं, तर इंग्रजीत सॅक ‘घेणारा’ म्हणजे आपटलेला क्वार्टरबॅक. बचावपटूने सॅक केली, क्वार्टरबॅक सॅक झाला किंवा त्याने सॅक खाल्ली, असं लिहिलं की घोळ होत नाही. दोघांनी मिळून पाडलं तर दोघांच्या नावावर अर्धी-अर्धी सॅक लागते. बचावपटू मायकेल स्ट्रेहानच्या 2001च्या हंगामातल्या 22.5 सॅक वाचताना ‘बावीस पॉइंट पाच’ म्हणू नये. ‘साडेबावीस सॅक’ म्हणावं.